गुरुवारी साडेसहाचे धवळे

शहापूरला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, मागे फळ्या आणि फळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेले लोकांचे रेडिओ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ते काढलं तेव्हा फळ्या कमी पडायच्या. भातलावणी उरकली की आसपासच्या गावांतून माणसं पिशवीत रेडिओ घालून यायची. बांधावर ठेवलेल्या रेडिओत पाणी जायचं, मुंग्या घरं करायच्या, सेलातलं आम्ल गळून स्प्रिंगा खायचं. मला ते काम आवडत होतं. खरखर करणाऱ्या डब्यातून एकदम स्वच्छ माणसाचा आवाज आला की समोर बसलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा बदलायचा, आणि मला दर वेळी वाटायचं की हा आवाज मीच त्याला दिला.

मग केबल आली. पाच-सहा वर्षांत फळ्या रिकाम्या झाल्या. दुरुस्त केलेले रेडिओ न्यायलाही कुणी येईना. मी टीव्ही उघडायला शिकलो, नंतर मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगले. पण मनातून मी रेडिओचाच माणूस राहिलो होतो. म्हणूनच, दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, मुरबाड तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेला स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र चालवायची परवानगी मिळाल्याचं कळलं तेव्हा मी त्याच दिवशी मोटारसायकल काढली.

ही संस्था मुरबाडहून धसईकडे जाणाऱ्या रस्त्याला होती. संस्थेचे अध्यक्ष जुन्या शेतकरी घरातले, बोलायला गोड आणि कामाला वाघ. त्यांनी कॉलेजच्या गच्चीवर मनोरा उभा केला होता आणि खालच्या एका खोलीला गाद्या ठोकून स्टुडिओ केला होता. यंत्रं होती, पण ती लावणारं कुणी नव्हतं. मी दोन दिवस राहून सगळं जोडून दिलं. तिसऱ्या दिवशी अध्यक्ष म्हणाले, "आता कुठं जातोस? तूच सांभाळ." मी राहिलो. दुकान फक्त रविवारी उघडू लागलो.

परवानगीच्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की केंद्राची मालकी संस्थेची, पण कार्यक्रम परिसरातल्या लोकांचे आणि लोकांसाठी. जाहिरातीला तासात काही मिनिटंच. अध्यक्षांनी तो कागद मला वाचून दाखवला होता आणि म्हणाले होते, "मालक आपण नाही, मालक लोक." मला ते वाक्य फार पटलं होतं. आमच्या मनोऱ्याचा पल्ला दहा-बारा किलोमीटर. तेवढ्यात जेवढी गावं आणि वाड्या येत होत्या तिथं मी रेकॉर्डर घेऊन फिरू लागलो. कुणी बियाण्याबद्दल बोललं, कुणी सापाच्या विषावरच्या पाल्याबद्दल, एका शिक्षिकेने मुलांच्या गोष्टी सांगितल्या. निवेदन मीच करायचो. माझा आवाज बरा आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बाजारात लोक मला आवाजावरून ओळखू लागले आणि खरं सांगायचं तर मी त्याने फुगलो.

त्या फिरण्यातच मला ती भेटली. एका गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे तिची वाडी होती, पंधरा-वीस झोपड्यांची. तिथल्या कुणाच्याही नावावर जमीन नव्हती. दिवाळीनंतर निम्मी वाडी वीटभट्ट्यांवर जायची. ती मात्र जात नसे, कारण ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्न लावताना धवळे गातात. हळद दळण्यापासून नवरी घरात येईपर्यंत प्रत्येक विधीचा वेगळा धवळा असतो आणि तो गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. भटजी नसला तरी लग्न लागतं, पण पूर्वी धवलारणीशिवाय लागत नसे. मी तिला भेटलो तेव्हा साठीची असेल. हळदीला मोठे स्पीकर येऊ लागल्यापासून तिला बोलावणी कमी झाली होती. आली तरी तिचं गाणं स्पीकर थांबण्याच्या मधल्या वेळात व्हायचं.

मी म्हटलं, "मावशी, तुमचे धवळे रेडिओवर लावू."

ती म्हणाली, "रेडिओवं? तितं कुनाचं लगीन हाय?"

ते थट्टेने नव्हतं. लग्न नसताना धवळे म्हणायचे नसतात, अशी तिची ठाम समजूत होती. दोन आठवडे मी तिची मनधरणी केली. शेवटी ती वाडीतल्या दोन बायकांना घेऊन केंद्रावर आली, पण गाद्या ठोकलेल्या खोलीत बसल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. "नवरी पायजे समोर," म्हणाली. मग मी कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाईंना बोलावून आणलं. त्या चाळिशीच्या, दोन मुलांची आई, पण हसत हसत समोर मांडी घालून बसल्या. धवलारणीने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, पदर नीट केला, जमिनीवर चिमूटभर तांदूळ ठेवले आणि डोळे मिटून सुरू झाली.

दीड तास ती थांबली नाही. मागच्या दोघी शेवटचे शब्द उचलून धरायच्या. मी कानाला हेडफोन लावून बसलो होतो. आवाज कोरडा, थोडा चिरलेला, पण असा सरळ येणारा की मला यंत्राकडे बघायचं भान राहिलं नाही. ग्रंथालयातल्या बाई आधी हसत होत्या, पण पाठवणीचा धवळा आला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला.

संपल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, "ह्ये माज्या लेकीच्या घरी येल का?"

तिची लेक म्हसा गावाच्या बाजूला दिली होती. मी म्हटलं, "तिकडे नाही पोचणार, मावशी. आपल्या मनोऱ्यात तेवढी ताकद नाही."

तिने जरा विचार केला. "मंग त्यांनाच बोलावतो आमी. सासू-सासऱ्याला, सगल्यांना. कंदी लावशील त्येवढं सांग."

"येत्या गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला."

तिच्या घरी नवा चिनी रेडिओ होता, एफएम धरणारा. मी स्वतः वाडीत जाऊन त्यावर आमचं केंद्र लावून दिलं आणि ग्रंथालयातल्या बाईंकडून आणलेल्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका काचेवर नेमका काट्यावर टेकवला. "काटा या ठिपक्यावरून हलवायचा नाही," असं तिच्या नवऱ्याला तीनदा सांगितलं. तो शांत माणूस होता. प्रत्येक वेळी त्याने मान हलवली.

त्या गुरुवारी दुपारी अध्यक्ष स्टुडिओत आले. बरोबर पांढरा शर्ट घातलेला एक माणूस होता. त्या वर्षांत आमच्या भागात फार्महाऊसचे प्लॉट पाडायचं वेड आलं होतं. मुंबईची माणसं शनिवारी गाड्या घेऊन यायची आणि माळ बघून जायची. हा माणूस तसल्याच एका योजनेचा. त्याला अर्धा तास हवा होता, तोही त्याच दिवशी, कारण शनिवारी जागेवर कार्यक्रम होता आणि आसपासच्या जमीनवाल्यांना तिकडे खेचायचं होतं.

मी म्हणालो, "साहेब, प्लॉटची अर्धा तास जाहिरात चालत नाही. कागदावरच आहे."

अध्यक्ष म्हणाले, "जाहिरात कोण म्हणतंय? जमिनीविषयी मार्गदर्शन म्हण. आणि हे बघ, गेल्या तीन महिन्यांत आपल्याकडे एक खताचं दुकान आणि एक मिठाईवाला सोडला तर कोण आलं? विजेचं बिल लोकांचे आवाज भरत नाहीत."

"साडेसहाला धवळे ठेवलेत. लोकांना सांगून ठेवलंय."

"पुढच्या गुरुवारी लाव. धवळे काय नासणार आहेत?"

पांढऱ्या शर्टवाल्याने मला चार पानं दिली आणि म्हणाला, "तुमचाच आवाज हवा. इकडं सगळे तुमच्यावर विश्वास ठेवतात, असं ऐकलं."

मला या वाक्याचा राग यायला हवा होता. मी सुखावलो. ही गोष्ट मी पुढे बरीच वर्षं स्वतःपासूनही लपवली. अध्यक्षांनी जबरदस्ती केली, नोकरी होती, मी काय करणार, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यात तथ्य होतं. पण दुपारचे तीन वाजले होते. वाडी मोटारसायकलने वीस मिनिटांवर होती. जाऊन "आज नाही होणार" एवढं सांगून परत यायला मला पुरेसा वेळ होता. मी गेलो नाही. मी ती चार पानं घेऊन बसलो आणि कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली घ्यायचा याच्या खुणा करत राहिलो. साडेसहाला मी ती वाचली. चांगली वाचली.

पुढच्या बाजाराला धसईत ती दिसली. भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला शिंदीच्या पात्यांचे झाडू विकत बसली होती. मला टाळता आलं नाही. तिने हाक मारली.

"काय रं, त्या दिसी आमाला कायच आलं नाय."

"काहीच नाही?"

"येक मानूस जमिनीचं बोलत व्हता. मंग गानी. मंग बंदच झालं. लेकीची सासू, सासरा, तिचा दीर, सगली आलती. वाडीतली पन. अंगनात बसली व्हती."

तिने "येक मानूस" म्हटलं. तो माझा आवाज होता हे तिला कळलं नव्हतं की कळूनही ती तसं म्हणाली, हे तिच्या चेहऱ्यावरून मला समजेना. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "मावशी, लावलं होतं आम्ही. तुमचा रेडिओ सरकला असेल दुसऱ्या केंद्रावर."

"ठिपक्यावंच व्हता रं काटा."

"मग आतून बिघडला असेल. चिनी माल. असं होतं."

तिने मान हलवली. "मंग नीट करून दे."

पुढच्या रविवारी तिचा नवरा शहापूरला माझ्या दुकानात आला. आधी मुरबाड, मग शहापूर, अशा दोन एसट्या बदलून. धोतराच्या फडक्यात रेडिओ गुंडाळून आणला होता. मी तो टेबलावर ठेवला. चालू केला. उत्तम चालत होता. त्याच्यासमोर मी चारही स्क्रू काढले, पाठ उघडली, स्वच्छ असलेल्या जोडांवरून ब्रश फिरवला, एका ठिकाणी उगाच डाग देण्याची तापलेली सळई टेकवली. सोल्डरचा धूर आला. तो समोरच्या खुर्चीवर गुडघ्यावर हात ठेवून बघत होता.

"काय झालंतं?" त्याने विचारलं.

"एक तार सुटली होती."

"आमी हलवला नवता."

"तुमची चूक नाही, बाबा. आपोआप सुटते."

मी त्याच्याकडून काही घेतलं नाही. त्याने हात जोडले. मी त्याला चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडायला गेलो आणि मुरबाडची गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभा राहिलो. तो मला पुन्हा पुन्हा "जा, तुजं काम खोटी होतंय" म्हणत होता.

धवळे पुढच्या गुरुवारी लागले नाहीत. प्लॉटवाल्याने सगळा उन्हाळा गुरुवार घेतला. तिचं रेकॉर्डिंग ज्या छोट्या डिस्कवर होतं तशा डिस्क आमच्याकडे मोजक्याच होत्या. एका दुपारी प्लॉटवाला मुलाखत द्यायला अचानक आला आणि हाताशी रिकामी डिस्क नव्हती. मी तिची डिस्क घातली. वर तिचं नाव माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते खोडलं आणि बटण दाबलं. नंतर तिला पुन्हा बोलावून घेऊ, असं तेव्हा मनाशी म्हटलं. तसं म्हणणं सोपं होतं.

त्या योजनेतले प्लॉट तिच्या वाडीच्या वरच्या माळावर पडले. माळ वाडीचा नव्हता, मालक दुसरे होते, त्यांनी राजीखुशीने विकला. पण वाडीतल्या बायका त्याच माळावरून लाकडांना आणि पाण्याला जात. तारेचं कुंपण आलं आणि त्यांना ओढ्याच्या काठाने मोठा वळसा पडू लागला. किती जमीनवाले माझं वाचन ऐकून तिकडे गेले हे मला माहीत नाही. कदाचित एकही नसेल. मला तसं वाटून घ्यायला बरं वाटतं.

केंद्र पुढे दीड-दोन वर्षं रखडत चाललं. जाहिराती मागायला मीच मुरबाडच्या बाजारपेठेत फिरायचो. दुकानदार मोबाइल दाखवायचे. "यात दोनशे गाणी भरून मिळतात. तुमचं केंद्र कोण लावतंय आता?" प्लॉट संपल्यावर प्लॉटवालाही येईनासा झाला. ज्याच्यासाठी आम्ही लोकांना बाजूला सारलं तो गेला, आणि लोकही परत आले नाहीत. शिक्षिका येईना, बियाण्याबद्दल बोलणारा शेतकरी फोन उचलेना. मग अध्यक्षांचं संस्थेतलं बहुमत गेलं आणि शहरातल्या एका मंडळाकडे कारभार आला. त्यांना रेडिओत रस नव्हता, खोली हवी होती. मनोरा उतरवायलाही त्यांनी मलाच बोलावलं. सुटे भाग करून आम्ही ते कॉलेजच्या पत्र्याच्या शेडमध्ये रचले.

त्यानंतर कित्येक आठवडे मी दुकानात बसून होतो आणि काम नव्हतं. एका सकाळी उठलो आणि वाडीवर गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. मी ओट्याच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. धवळे लावलेच नव्हते. ती जमिनीची माहिती मीच वाचत होतो. रेडिओ बिघडलेला नव्हता. तिची डिस्क मीच पुसली.

तिने सूप बाजूला ठेवलं नाही. पाखडत राहिली. तशीच म्हणाली, "तुजा आवाज वलकला व्हता आमी. त्याच दिसी."

"मग बोलला का नाही, मावशी?"

"तू म्हनलास बिघडलाय. मंग मी काय बोलू?"

नवरा आतून बाहेर आला होता. तोही ऐकत होता. दोन एसट्या बदलून तो रेडिओ घेऊन आला तेव्हा त्यालाही माहीत होतं का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. तो माझ्याकडे न बघता पाण्याचा तांब्या ठेवून आत गेला.

"गान्याचं काय नाय," ती म्हणाली. "गानं माज्याकडं हाय. पन लेकीच्या घरी ती मला रेडिओवाली म्हंत्यात. सासू म्हंते, तुजी आय थापा मारते. दोन वर्सं झाली. लेक काय बोलत नाय, पन तिला लागतं." तिने सूप खाली ठेवलं. "तू ये येकदा. त्यांच्या म्होरं सांग. नातीची हलद हाय फागुनात. सगली असतील."

मी हो म्हटलं. आणि मी गेलो, हे सांगायला हवं. म्हशाच्या अलीकडचं गाव होतं. दुपारची हळद, मांडवात गर्दी. स्पीकर लावलेले होते. ती मला बघून उठली, हाताला धरून व्याह्यांच्या पुढे घेऊन गेली आणि स्पीकरवाल्याला जरा थांबायला सांगितलं. पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघू लागली. लेकीची सासू समोरच होती, जाड, पान खाणारी, चेहऱ्यावर थट्टेची तयारी.

"ह्यो रेडिओवाला," धवलारीण म्हणाली. "इच्यारा त्याला."

मी घसा साफ केला. इतकी वर्षं मी हजारो लोकांशी बोलत होतो, पण ते मला दिसत नव्हते. मी म्हणालो, "मावशींचे धवळे आम्ही खरंच घेतले होते. दीड तास गायल्या. त्या गुरुवारी लागणारही होते." इथवर नीट झालं. मग सगळ्यांच्या नजरा, नवरीचा बाप, मागे उभे असलेले तिचे भाऊ. माझ्या तोंडून आलं, "पण ऐनवेळी केंद्रात बिघाड झाला."

सासू म्हणाली, "हां, मशिनीचं काय सांगता येत नाय." तिची थट्टा गेली. कुणीतरी विचारलं, "कंच्या केंद्रात?" दुसऱ्याने सांगितलं, "व्हतं येक तिकडं धसई रस्त्याला, बंद झालं." एवढ्यात विषय संपला. सासूने धवलारणीला पाट दिला, पान पुढे केलं. लेक दारात उभी होती. तिच्या तोंडावर मोकळेपणा आला होता. जे काम घेऊन मी आलो होतो ते झालं होतं.

धवलारणीने माझ्याकडे एकदाच पाहिलं. ती रागावली असती तर मी कदाचित तिथंच पुढचं बोललो असतो. ती म्हणाली, "जेवून जा."

मी पंगतीला बसलो. वाढणारे आग्रह करत होते. मांडवाच्या त्या टोकाला नातीला चौरंगावर बसवलं होतं आणि स्पीकर पुन्हा सुरू व्हायच्या आत धवलारणीने पहिला धवळा घेतला. मला जेवण गेलं नाही. पत्रावळ तशीच दुमडून मी उठलो, कुणाला न सांगता मोटारसायकल काढली आणि रस्त्याला लागलो. बराच वेळ मागून आवाज येत होता.

त्यानंतर मी तिच्याकडे गेलो नाही. दोनदा निघालो. एकदा ओढ्यापर्यंत गेलो, आणि तिथून कुंपणाच्या कडेने वळून परत आलो.